धोंडीराम नावाचा व्हॉल्व्ह

‘धोंडीराम’ हे नाव एकमताने मंजूर झालं आणि हिंगणटेकच्या ग्रामसभेत टाळ्या वाजल्या. पुढच्या सतरंजीवरची माणसं मागे वळून शालन इंगवलेकडे कौतुकाने बघायला लागली. शालनने पदर सावरला, हात जोडले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि मनातल्या मनात म्हणाली, आता झाली का पंचाईत.

गावाला पाणी वाटणारे सहा व्हॉल्व्ह होते आणि त्यांना सहा नावं द्यायची होती. पहिल्या दोन सभा त्यावर नुसत्या भांडणात गेल्या. टाकीसाठी जागा देणाऱ्या हौसाबाईंचं नाव खालच्या आळीच्या व्हॉल्व्हला द्यायचं, हे चटकन ठरलं. शाळेकडच्या व्हॉल्व्हला नुसतं ‘गुरुजी’, कारण त्या माणसाला सगळ्या गावाने, अगदी घरच्यांनीही, दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारलीच नव्हती. नळाचा चर खणणाऱ्या चाँदभाईंचं नाव नव्या वसाहतीला. आणखी दोन अशीच ठरली. घोडं अडलं ते वरच्या वस्तीच्या व्हॉल्व्हवर. तो सगळ्यात मोठा, थेट डोंगरावर टाकीच्या पायथ्याशी बसवलेला, आणि त्याच्यावर दोन भावक्यांनी आपापल्या आजोबांचा हक्क सांगितला होता. प्रकरण हातघाईवर यायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात कुणीतरी धोंडीराम इंगवल्यांचं नाव काढलं आणि दोन्ही बाजू गप्प झाल्या. धोंडीरामांनी तीस वर्षं गावाचं पाणी सोडलं. कुणाला घागरभर जास्त नाही, कुणाला घागरभर कमी नाही, आणि स्वतःच्या घराला सगळ्यात शेवटी. त्या नावाला कोण विरोध करणार?

एक शालन सोडली तर कुणी नाही. धोंडीराम म्हणजे तिचे सासरे. लग्न होऊन या गावात आली त्याला छत्तीस वर्षं झाली होती, आणि छत्तीस वर्षांत तिने ते नाव एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं. कागदावर लिहायची वेळ आली तर लिहायची, कुणी विचारलं तर नवऱ्याला पुढे करायची. आता हे कुणी पाळत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पुण्यात राहणारी तिची सून सासऱ्याला खुशाल ‘विलासराव’ म्हणून चिडवायची आणि शालनलाही ते ऐकून हसू यायचं. पण ज्याचं त्याच्यापाशी. नवऱ्याचं नाव घ्यायला बायकांना उखाण्याची पळवाट तरी आहे. सासऱ्याचं नाव घ्यायला तशी पळवाट कुणी ठेवलेली नाही. शालनसाठी ते मामंजी होते आणि वारले तरी मामंजीच राहिले.

आणि आता तिला ते नाव रोज दोनदा, मोठ्याने, स्पष्ट उच्चारात घ्यायचं होतं. कारण गावाचं पाणी सोडणारी ‘वॉलमन’ तीच होती. पदाचं नाव असंच होतं. बाई आली म्हणून ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

व्हॉल्व्हांना नावं द्यायची वेळ आली ती कबड्डीमुळे.

आदल्या वर्षीपर्यंत सहा व्हॉल्व्हांना एक ते सहा असे आकडे होते. प्रत्येकाजवळ एक मोटर आणि एक पेटी, आणि खाली पंपघरात एक संगणक. शालन आकडा दाबायची, व्हॉल्व्ह उघडायचा. एके सकाळी वीज गेली आणि आली. शालनने नेहमीसारखा चार दाबला, वरच्या वस्तीसाठी. तिथे त्या दिवशी एका नव्या घराची वास्तुशांत होती, दोनशे पानं उठायची होती. वस्तीत थेंब पोचला नाही. पोचला तो शाळेच्या मैदानात, जिथे तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा चालू होत्या. उपांत्य फेरीच्या ऐन रंगात मैदानाचा चिखल झाला. दोन्हीकडची माणसं शालनला बोलली. ती म्हणत होती, ‘मी चारच दाबला वो,’ आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता.

ती खोटं बोलत नव्हती, हे पंधरा दिवसांनी इरावती शिंत्रेने सिद्ध केलं. इरा कोल्हापूरची, एकतीस वर्षांची, आणि संगणकाच्या अशाच भानगडी निस्तरण्यात तिची उमेदीची वर्षं चालली होती. तिने तीन नंबरची पेटी उघडली. आत काळ्या मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं.

‘ह्या मुंग्यांनी केलं सगळं,’ ती पंपघराच्या पायरीवर बसून शालनला म्हणाली. ‘काकू, संगणकाच्या पोटात अगदी तळाला एक भाग असतो. कर्नेल म्हणतात त्याला. वरचे सगळे कार्यक्रम त्याला सांगतात आणि तो यंत्रांना सांगतो. वीज आली की तो जागा होतो आणि हाळी देतो, कोण कोण आहे? जो आधी ओ देईल त्याला एक नंबर, मग दोन, मग तीन. पेट्या नेहमी ठराविक क्रमाने ओ देतात म्हणून आकडे जुळतात. त्या दिवशी मुंग्यांमुळे तिसरी पेटी उशिरा जागी झाली आणि शेवटी गेली. मग चौथा झाला तिसरा, पाचवा झाला चौथा. शाळेचा व्हॉल्व्ह पाचवा होता.’

‘म्हंजी नाव माणसाचं न्हाई, रांगेतल्या जागंचं,’ शालन म्हणाली.

‘बरोबर.’

‘मग त्यो कर्नेल लई येडा हाय.’

‘येडाच आहे,’ इरा म्हणाली. ‘मी शहाणा करतेय.’

तिने आणलेला नवा कर्नेल जागा झाला की हाळी देत नसे. तो एकेका व्हॉल्व्हला केसभर हलवून बघे, इतकं थोडं की नळाच्या धारेला पत्ता लागू नये. त्या हालचालीने नळातल्या पाण्यात दाबाची एक बारीक लाट उठते आणि लोखंडी नळातून सेकंदाला किलोमीटरभर धावते. कुठे वळणावर आपटते, कुठे फाट्यावर दुभंगते, टाकीपर्यंत जाऊन उलटी फिरते. ठिकठिकाणी बसवलेली दाबमापकं तिची चाहूल टिपतात. वरच्या वस्तीच्या व्हॉल्व्हचा पडसाद वेगळा, शाळेच्या व्हॉल्व्हचा वेगळा. दोन जागांचा पडसाद कधी सारखा येत नाही. त्यावरून कर्नेलला कळतं की आत्ता जो हलला तो कुठे बसलाय. पेटी कधी जागी झाली, तार कुठल्या खोबणीत खुपसली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकदा जागा ओळखली की नाव त्या जागेला कायमचं चिकटतं.

शालनने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘हे तर आमी रोजच करतो की.’

ती उठली, कोपऱ्यातली लांब दांड्याची, वर आडवी मूठ असलेली व्हॉल्व्हची चावी घेऊन बाहेर आली. चावीचं टोक खालच्या आळीच्या व्हॉल्व्हवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. ‘वरचा बंद हाय. नव्या वसाहतीचा अर्धा उघडा हाय. शाळंकडं कुटंतरी तोटी गळतीया.’ इराने फोनवर तपासलं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. मग इराने कान लावला. तिला फक्त एक गुणगुण ऐकू आली आणि चार वर्षांच्या संशोधनाचा थोडासा रागही आला. पण ती मनाने मोकळी होती, लगेच हसली.

तेव्हापासून इरा शालनच्याच घरी जेवायला लागली. मुक्काम पंचायतीच्या खोलीत आणि भाकरी शालनच्या चुलीवरची. लेक नसलेल्या शालनला ही तिखट खाऊन डोळ्यांत पाणी आणणारी आणि तरी पुन्हा ठेचा मागणारी पोरगी फार आवडली.

आकड्यांऐवजी नावं घ्यायची कल्पना इराचीच. हात ओले असतात, उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून हुकूम आवाजाने द्यायचे, आणि ‘चार’ म्हटलं की ‘पाच’ ऐकलं जाण्यापेक्षा माणसांची ठसठशीत नावं बरी. तिने नियम घातला होता, एका यंत्राला एकच नाव. तिच्या प्रकल्पाच्या कागदांत पहिल्या पानावर तो ठळक अक्षरांत होता. दोन नावं झाली की दोन समजुती होतात आणि अपघात तिथूनच सुरू होतात, असं तिचं पक्कं मत होतं. कर्नेल आवाजही ओळखायचा. शालनचा, किंवा ती आजारी असेल तर बदलीवरच्या सुमनचा. वाटेवरून जाणाऱ्या कुणीही ‘सोडा’ म्हटलं तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. ‘सोडा’ हा शब्दही गावाने घालायला लावला होता. इराने आधी ‘सोड’ ठेवला होता. हौसाबाईंना एकेरी कसं बोलायचं, असं सभेत तीन जणांनी उठून विचारलं.

सगळं जमून आलं होतं. चैत्रात तपासणी पथक येणार होतं. एका माणसाने पंपघरात उभं राहून सहाही व्हॉल्व्ह आवाजावर चालवून दाखवायचे. जमलं तर गावाचं पाणी गावाच्या हाती राहणार आणि शालन वॉलमन राहणार. नाही जमलं तर तालुक्याला नवं केंद्र होत होतं, चाळीस गावांचे व्हॉल्व्ह तिथल्या एका खोलीतून हलणार होते आणि गावोगावच्या वॉलमननी घरी बसायचं होतं.

शालनला घरी बसायचं नव्हतं. पाणी सोडणं ही तिला मिळालेली एकुलती एक विद्या होती, आणि ती मामंजींनी दिली होती. बाईमाणसाने डोंगरावर चावी घेऊन फिरायचं का, म्हणून विलासने, तिच्या नवऱ्याने, त्या वेळी तोंड वाकडं केलं होतं. मामंजी म्हणाले होते, ‘हिला कान हाय. तुला न्हाई.’ सुरुवातीची वर्षं ते वर व्हॉल्व्हपाशी असायचे आणि ती खाली पंपघरात दाबाचा काटा बघत उभी. काटा लाल खुणेला आला की ती दारात येऊन डोंगराकडे तोंड करून ओरडायची, ‘मामंजी, सोडा!’ वरून आवाज यायचा, ‘सोडलं गं पोरी.’ सात वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ हेच चालू होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. शालनच्या खांद्यावर सुपारीएवढा माईक लावला होता.

‘हौसाबाई, सोडा.’

‘सोडलं,’ पंपघरातला आवाज म्हणायचा.

‘गुरुजी, सोडा.’

‘सोडलं.’

पाच व्हॉल्व्ह असे पटापट झाले. सहाव्यापाशी ती थांबायची, चावी उचलायची आणि डोंगर चढायला लागायची. वरच्या व्हॉल्व्हच्या माथ्यावर चावी लावून हाताने फिरवायची सोय इराने ठेवली होती, मोटर बिघडली तर असावी म्हणून.

‘काकू, हाताने का?’ इराने तिसऱ्या दिवशी विचारलं.

‘वरचं माईकला ऐकू येत न्हाई, मॅडम,’ शालन म्हणाली.

हे खोटं होतं. आणि इरा ते खरं मानून चालली. तिने माईक बदलला. मग पेटी बदलली. मग भर उन्हात स्वतः डोंगर चढून वरच्या खांबावर नवी तार ओढली. उतरताना तिचा पाय मुरगळला. तरी संध्याकाळी पायाला हळद लावून ती पडद्यासमोर बसली होती. ‘मला कळतच नाहीये,’ ती म्हणाली. ‘नोंदीत एकोणीस वेळा हाताने उघडल्याचं आहे. आवाजाने मागितल्याची नोंद एकही नाही. म्हणजे तुमची हाक कर्नेलपर्यंत पोचतच नाहीये. माझ्याच लिहिण्यात कुठेतरी खोट आहे.’

शालन तिच्या पायाला पट्टी बांधत होती. हाक मारलीच नाही तर पोचणार कुठून, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण सभेत दोन भावक्या एका नावावर शांत झाल्या होत्या, ते नाव पुन्हा उकरून काढायचं म्हणजे भांडणाला बोलावणं. शिवाय शिकलेल्या पोरीपुढे आपण किती अडाणी दिसू, हीही भीती होती. तिने पट्टीची गाठ मारली आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

‘म्हण की एकदा,’ विलास घरी म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला सगळं सोपं वाटायचं. ‘आबा काय वरनं ऐकत्यात?’

‘त्येंनी ऐकलं तर काय बोलायचं न्हाईत.’

‘मग?’

‘मलाच ऐकवणार न्हाई.’

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी म्हशीला वैरण टाकताना, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, तिने तोंड उघडलं. ‘धों’पर्यंत आली. म्हशीने मान वर करून बघितलं. शालनला पुढे होईना. मामंजींसमोर पायात चप्पल घालून पाटावर उभं राहिल्यासारखं वाटलं. तिने तोंडावर पदर घेतला आणि एकटीच हसली, आणि मग थोडी रडलीही.

तपासणीच्या दिवशी पंपघरासमोर मांडव घातला होता. ताम्हनकर नावाचे साहेब पथकाचे प्रमुख होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आणि कशावरही चटकन विश्वास न ठेवणारे. त्यांनी स्वतःच्या हाताने वीज बंद केली. एवढ्यावर न थांबता दोन पेट्यांच्या तारा एकमेकींच्या खोबणीत घालून ठेवल्या आणि मग वीज चालू केली. चाळीस सेकंद पंपघरात काहीच झालं नाही. नळातून मात्र कुणीतरी घसा खाकरल्यासारखे सहा बारीक आवाज आले. पडद्यावर सहा नावं उमटली, जिथल्या तिथे.

‘तारा उलट्या आहेत तरी?’ ताम्हनकरांनी विचारलं.

‘तो तारांना विचारत नाही, पाण्याला विचारतो,’ इरा म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. त्यांच्याकडून ही मोठीच दाद होती.

मग शालन पुढे झाली. हौसाबाई, गुरुजी, चाँदभाई आणि पुढचे दोन, पाचही व्हॉल्व्ह तिच्या शब्दासरशी उघडले. सरपंचबाईंनी आधीच पेढ्यांचा पुडा सोडला होता.

‘आता शेवटचा,’ ताम्हनकर यादी बघून म्हणाले. ‘धोंडीराम.’

शालन भिंतीला टेकवलेल्या चावीकडे बघत राहिली. इराने हळूच खूण केली. मागे भावक्या उभ्या होत्या, विलास उभा होता. वस्तीवरच्या बायका रिकामे हंडे घेऊन वर थांबल्या होत्या, हे तिला इथूनही दिसत होतं.

‘मॅडम,’ शालन म्हणाली, आणि तिचा आवाज सहाही व्हॉल्व्हांना ऐकू जाईल इतका स्पष्ट होता. ‘माईक चांगला हाय. तुमचं लिवलेलं बी बराबर हाय. म्याच खोटं बोलले. ते माझ्या सासऱ्याचं नाव हाय. मला ते घेता येत न्हाई.’

मग मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि एकीने कपाळावर हात मारून घेतला. तीन तीन सभा घेतल्या, सगळ्या गावाने डोकं लावलं, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नव्हती. शालनचा मान करायचा म्हणून गावाने तिला बरोबर तेच एक नाव दिलं होतं जे ती घेऊ शकत नव्हती.

इरा लालबुंद झाली होती. एकोणीस नोंदी, दोन माईक, मुरगळलेला पाय, सगळं तिला एकदम आठवलं. ‘काकू, मला सांगायचं होतंत,’ ती म्हणाली.

‘मग दुसरा माणूस नेमा,’ ताम्हनकर सरळपणे म्हणाले.

‘किंवा दुसरं नाव द्या,’ सरपंचबाई म्हणाल्या. त्याबरोबर दोन्ही भावक्या खुर्च्यांवरून अर्ध्या उठल्या.

इरा शालनकडे वळली. ‘तुम्ही त्यांना काय म्हणायचात?’

‘मामंजी.’

‘आणि गावात बाकीचे?’

‘कोण तात्या म्हणायचं, कोण काका. ह्यांचे आबा. शाळंतली पोरं पाणीआजा म्हणायची.’

‘आणि माणूस एकच.’

‘आता माणूस काय चार असत्यात व्हय?’

इरा स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि संगणकासमोर जाऊन बसली. ताम्हनकरांनी तिच्या प्रकल्पाचं पहिलं पान उघडून तिच्यासमोर धरलं. ‘बाई, एका यंत्राला एकच नाव, असा नियम आहे.’

‘मीच लिहिलाय,’ इरा म्हणाली. ‘चुकीचा लिहिलाय. साहेब, कर्नेलच्या लेखी त्या व्हॉल्व्हचं खरं नाव धोंडीराम नाहीच. त्याच्या लेखी ती डोंगरावरची जागा आहे, तो पडसाद आहे. तो एकच आहे आणि तो बदलत नाही. धोंडीराम ही त्या जागेकडे नेणारी नुसती हाक आहे. मी घाबरून एकच हाक ठेवली. पण घोटाळा कधी होतो? एकाच माणसाने एकच हाक मारली आणि ती दोन ठिकाणी गेली, तर. आपले सासरे कोण, ह्यात कुठल्या सुनेचा घोटाळा होतो?’

‘मला अर्धा तास द्या,’ ती म्हणाली. साहेबांनी घड्याळात बघितलं. तेवढ्यात चहा आला, आणि चहा आल्यावर अर्ध्या तासाला कुणी नाही म्हणत नाही.

इराने काय केलं ते तिच्या भाषेत सांगायचं तर पानभर होईल. थोडक्यात, तिने प्रत्येक बोलणाऱ्याला स्वतःची वेगळी यादी दिली. आवाज कुणाचा हे कर्नेल ओळखत होताच. आता तो आधी बोलणारा ओळखणार, मग त्याच्या यादीत ती हाक शोधणार, आणि तिथून जागेपर्यंत जाणार. जागा सहाच राहिल्या.

‘म्हणा, काकू,’ ती म्हणाली.

शालन दारात गेली. आत उभी राहून तिला ते म्हणता येईना. डोंगराकडे तोंड करून, पूर्वी उभी राहायची तशी ती उभी राहिली.

‘मामंजी, सोडा.’

‘सोडलं.’

वर वस्तीवर हंड्यात पाणी पडल्याचा आवाज खाली यायला वेळ लागला, पण आला.

मांडवात टाळ्या झाल्या. ताम्हनकरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी व्हॉल्व्ह बंद करायला लावला, सकाळीच तपासनीस म्हणून नोंदवलेला आपला आवाज माईकपाशी नेला आणि म्हणाले, ‘मामंजी, सोडा.’

‘हे नाव तुमच्या यादीत नाही,’ कर्नेल म्हणाला.

‘सायेब, तुमची सासुरवाडी कुटली?’ मागून कुणीतरी विचारलं.

‘मिरज.’

‘मग तितलं पाणी सोडा की.’

साहेबही हसले. पण अजून त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं तर त्यांची शंका रास्त होती. ‘या गावात मामंजी म्हणणाऱ्या आणखी सुना असतील. त्यातली कुणी इथे नोंदवलेली आहे?’

बदलीवरची सुमन पुढे आली. ती गुरुजींची सून. इतके दिवस ‘गुरुजी’ म्हणून तिचं निभावत होतं, कारण घरातही सगळे तेच म्हणायचे. पण मनातल्या मनात तिचेही ते मामंजीच होते. इराने तिची यादी केली. शालन आणि सुमन एकाच माईकसमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

‘मामंजी, सोडा,’ सुमन म्हणाली. शाळेच्या मैदानाकडचा नळ वाहायला लागला.

‘मामंजी, सोडा,’ शालन म्हणाली. वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला.

एकच हाक, एकच माईक, आणि पाणी दोन वेगळ्या दिशांना, ज्याच्या त्याच्याकडे गेलं. ताम्हनकरांनी तेच दहा वेळा उलटसुलट करायला लावलं. दहाही वेळा चूक झाली नाही. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पहिल्या पानावरची ती ठळक ओळ स्वतःच खोडून इरापुढे पान सरकवलं. इराने तिथे लिहिलं, एका यंत्राला एकच जागा. हाक ज्याच्या त्याच्या नात्याची.

त्या पावसाळ्याच्या आत चाळीसपैकी एकतीस गावांनी तालुक्याच्या केंद्राला नको म्हणून कळवलं आणि इराकडे आपापल्या याद्या पाठवायला सुरुवात केली. त्यांत आत्याबाई होत्या, थोरले दीर होते, एका गावात तर ‘आमचे हे’ नावाचा व्हॉल्व्ह होता. पुढे दूरच्या कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपल्या कर्नेलमध्ये इराची पद्धत घेतली. तिथल्या नात्यांना काय म्हणतात ते इराला ठाऊक नव्हतं, आणि आता तिला ते ठाऊक असायची गरजही नव्हती.

निघायच्या सकाळी ती पंपघरात आली. शालन दाबाचा काटा बघत उभी होती.

‘काकू, विलासकाका मला सांगत होते,’ इरा जरा अडखळत म्हणाली. ‘मामंजी वरून उत्तर द्यायचे तेव्हा नुसतं सोडलं म्हणायचे नाहीत. पुढे ‘गं पोरी’ म्हणायचे. दोन शब्द आहेत. तुमच्या यादीत जोडू का? पाच मिनिटांचं काम आहे.’

काटा लाल खुणेला आला. शालन दारात गेली. ‘मामंजी, सोडा,’ ती म्हणाली.

‘सोडलं,’ आवाज आला. शालन तशीच डोंगराकडे बघत जरा वेळ थांबली, आणि मग वळली. तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीसारखा उजळला होता.

‘नको, मॅडम,’ ती म्हणाली. ‘तेवढं माझं मला ऐकू येतंय.’